एरी, मसारी आणि गांडूळ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवाच्या व्याख्यानाला गांडूळ हा विषय ऐकून आपल्या कार्यवाहांनी मला फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही, तो मंडळातूनच आला. आता पुष्कळ घरांत शाडूची मूर्ती बसते आणि विसर्जन बादलीत होतं. मग प्रश्न येतो की ती माती तुळशीला, कढीपत्त्याला घातली तर चालते का? रंगाचं काय होतं? निर्माल्याच्या खड्ड्यात गांडुळं टिकतील का? माझं काम सरकारी माती तपासणीचं, म्हणून हे प्रश्न माझ्याकडं येतात. ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ एवढंच सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्या उत्तरामागं जे शास्त्र आहे ते आपल्या हुबळी-धारवाडच्या मातीला फार जवळचं आहे. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

गांडूळ मातीतच राहतं, मातीच खातं, आणि त्याला फुप्फुस नसल्यामुळं ओल्या कातडीतूनच श्वास घेतं. मातीच्या कणांमध्ये जे पाणी असतं ते चोवीस तास त्याच्या अंगाला लागून असतं. म्हणजे मातीत शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त असं काही जास्त झालं तर ते त्याच्या अंगात दोन वाटांनी जातं, तोंडातून आणि कातडीतून. डार्विननं १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा अंदाज होता. इतकी माती ज्याच्या पोटातून जाते त्याला मातीतला बिघाड आपल्या आधी कळणार, हे उघड आहे. आपल्याकडं बेंगळूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी गांडूळखतावर केलेलं काम मोठं आहे. एरेहुळू गोब्बर म्हणून आज खेडोपाडी जे खत विकलं जातं त्याच्यामागं अशा लोकांचे कष्ट आहेत.

आता मुद्द्याचं. मातीत अमुक इतका धातू आहे असं प्रयोगशाळेनं सांगितलं, तर त्यावरून गांडुळाचं काय होणार हे आधी सांगता येतं का?

जगभर यासाठी एक ठरलेली चाचणी आहे. १९८४ साली ओईसीडी या संघटनेनं ती घालून दिली. त्यात मातीसुद्धा बनवलेली असते. सत्तर टक्के वाळू, वीस टक्के केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती, आणि दहा टक्के पीट, म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत साचलेला कुजका पाला. पीट आपल्याकडं मिळत नाही, म्हणून उष्ण देशांतले काही संशोधक त्याच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. अशा मातीत मोजून धातूचं मीठ मिसळायचं, दहा गांडुळं सोडायची आणि चौदा दिवसांनी किती जगली ते मोजायचं. निम्मी मरतील ती मात्रा नोंदवायची. सोपं आहे, स्वस्त आहे, आणि कुठल्याही देशात तसंच करता येतं.

पण मरण हा प्रश्न विचारायलाच थोडा उशीर झालेला असतो. इंग्लंडमध्ये स्पर्जन, हॉपकिन आणि जोन्स यांनी १९९४ साली छापलेल्या प्रयोगात हे फार स्वच्छ दिसलं. तांब्यानं निम्मी गांडुळं मरायला किलोभर मातीत सुमारे साडेपाचशे मिलिग्रॅम तांबं लागलं. पण गांडुळं जे कोष घालतात, ज्यातून पिल्लं निघतात, त्यांची संख्या निम्म्यावर यायला पन्नासच्या आसपास मिलिग्रॅम पुरलं. दहापट फरक! म्हणजे शंभर-दीडशे मिलिग्रॅम तांब्याच्या मातीत तुम्ही फावडं मारलंत तर गांडुळं दिसतील, जाडजूड दिसतील, आणि तुम्ही म्हणाल की जमीन चांगली आहे. पण ती म्हातारी गांडुळं असतील. घरात आजी-आजोबा आहेत, पाळणा मात्र हलत नाही, तसं. आता दुसऱ्या एका चाचणीत छप्पन्न दिवस थांबून पिल्लंच मोजतात, ते त्यामुळंच. शेतात गांडुळं बघायची असतील तर लहान-मोठी दोन्ही आहेत का ते बघावं, असं मी शेतकऱ्यांना सांगतो.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. ब्रिस्टलजवळ अ‍ॅव्हनमाउथ इथं जस्त आणि शिशाची मोठी भट्टी होती. तिच्या धुरातून वर्षानुवर्षं धातू आजूबाजूच्या जमिनीवर पडत होते. भट्टीच्या अगदी जवळ गांडुळं नव्हती, पुढं जावं तशी एकेक जात दिसू लागायची. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून पाहिलं तर गांडुळं याहून बऱ्याच लांबपर्यंत नाहीशी व्हायला हवी होती. पण जमिनीतलं जस्त प्रयोगशाळेतल्या जस्ताइतकं विषारी ठरलं नाही. कारण बाटलीतून काढून ताजं मिसळलेलं मीठ पाण्यात विरघळलेलं असतं, तर वर्षानुवर्षं जमिनीत पडलेला धातू मातीच्या कणांत, कुजलेल्या पाल्यात मुरून बसलेला असतो. एकूण आकडा तोच, पण गांडुळाच्या वाट्याला येणारा भाग वेगळा. म्हणजे नुसत्या आकड्यावरचं भाकीत दोन्ही बाजूंनी चुकू शकतं.

इथं आपली जमीन येते. आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा या विषयाला शोधून सापडणार नाही. हुबळीहून पूर्वेला, नवलगुंदाकडं निघालात की एरी, काळी कापसाची जमीन. धारवाडहून पश्चिमेला अळणावरकडं किंवा हुबळीहून कलघटगीकडं निघालात की मसारी, तांबडी. तासाभराच्या एसटी प्रवासात जमीन बदलते, पाऊस बदलतो, पीक बदलतं. (एसटी म्हणायची आपली सवय काही जात नाही, गाडी एनडब्ल्यूकेआरटीसीची असली तरी.) एरी जमिनीचा सामू बहुधा आठच्या वर, तिच्यात चुनखडीचे खडे, आणि चिकणमाती अशी की पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पश्चिमेकडची मसारी जास्त पावसानं धुतलेली, चुना कमी, सामू आम्लाकडं झुकलेला.

समजा, दोन्ही जमिनींत किलोमागे शंभर मिलिग्रॅम तांबं आहे. एरीत त्यातलं बहुतेक चिकणमाती आणि चुन्याला धरून बसतं, पाण्यात फार थोडं उतरतं. मसारीत जास्त उतरतं. पण पाण्यात उतरलेलं सगळंही गांडुळाच्या अंगात शिरत नाही. हे समजायला माशांवरच्या संशोधनातून आलेली एक कल्पना उपयोगी पडते. माशाच्या कल्ल्यावर धातू चिकटायच्या ठरावीक जागा असतात, तशाच गांडुळाच्या कातडीवरही असतात असं धरतात. आपली चिगरी बस डोळ्यांसमोर आणा. सीटं मोजकी. तांबं चढायला बघतंय, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आम्लाचा हायड्रोजन हेही त्याच सीटांवर बसणारे. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची झुंबड, तांब्याला जागा मिळत नाही. आम्ल जमिनीत हायड्रोजन थोड्या जागा अडवतो हे खरं, पण तिथं चढणाऱ्या तांब्याची गर्दीच मोठी असते. म्हणून सामू, सेंद्रिय कर्ब, चिकणमाती आणि कॅल्शियम एवढं मोजलं तर भाकीत पुष्कळ सुधारतं. २००५-०६ च्या सुमारास युरोपात गांडूळ आणि तांब्यासाठी याच पद्धतीची गणितं मांडली गेली, आणि त्यांचं मूळ म्हणजे ही सीटं.

‘म्हणजे काळी जमीनवाल्यांनी निर्धास्त राहावं,’ असं कुणी म्हणेल. थांबा. ही गोष्ट तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, निकेल यांची. आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम यांचा स्वभाव उलटा. ते मातीच्या पाण्यात ऋण भार घेऊन हिंडतात आणि सामू वाढला की आणखी मोकळे होतात. शिवाय सांडपाण्यातलं मीठ जमिनीत साठलं तर त्यातला क्लोराइड कॅडमियमला धरून पाण्यात ठेवतो. एकाच जमिनीत एक धातू बांधला जातो आणि दुसरा सुटतो, आणि हे सगळं एका आकड्यात बसवायला गेलं की फसगत होते.

गांडुळाचं स्वतःचंही काही असतं. कॅडमियम अंगात आलं की ते गंधकयुक्त प्रथिन तयार करतं, त्यात कॅडमियम बांधून ठेवतं आणि जगतं. त्याच्या अंगातलं कॅडमियम भोवतालच्या मातीपेक्षा कितीतरी पट वाढू शकतं. जस्त मात्र ते बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतं. आता नांगरामागं बगळे येतात, साळुंक्या येतात, ते हीच गांडुळं वेचतात. गांडूळ जगलं म्हणून पुढच्याचं भलं झालं असं नाही.

आणखी एक तक्रार मला या चाचण्यांबद्दल आहे. त्यात वापरतात ते आयसेनिया नावाचं गांडूळ, शेणाच्या ढिगातलं, युरोपातून आलेलं. आपल्या गांडूळखताच्या टाक्यांतही ते असतं, किंवा पश्चिम आफ्रिकेतून आलेलं युड्रिलस. पण आपल्या शेतातलं नेहमीचं गांडूळ म्हणजे लॅम्पिटो. ते उन्हाळ्यात खाली जाऊन गुंडाळी करून पडतं आणि रोहिण्या-मृगात वर येतं. वीस अंश तापमानाच्या खोलीत, बनावट मातीत, शेणकिड्यावर काढलेला आकडा आपल्या शेतातल्या लॅम्पिटोला जशाच्या तसा लावायचा, हे मला पटत नाही. देशी गांडुळांवर आपल्याकडं काम झालेलं आहे, पण जमीनवार व्हायला हवं. एरीचं वेगळं, मसारीचं वेगळं.

हे सगळं कशासाठी? आपल्या नाल्यांसाठी. हुबळी आणि धारवाड या दोन्ही शहरांचं सांडपाणी नाल्यांतून शहराबाहेर जातं आणि त्या पाण्यावर शेती होते, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. बाजारातली किती भाजी त्या पाण्यावरची, हे भाजीवालीला विचारलंत तर ती हसते. ब्रॅडफर्ड, ब्रुक आणि आपल्या धारवाड कृषी विद्यापीठाचे हुणशाळ यांनी या शेतीवर २००३ साली संशोधन लेख प्रसिद्ध केला. शहराजवळ बारमाही भाजी, पुढं गेलं की शेतपिकं, आणखी कुठं झाडं आणि पीक मिळून, असं त्यांनी नोंदवलं. कोरड्या वर्षातही पाणी आणि फुकटचं खत मिळतं म्हणून शेतकरी ते सोडत नाही. सोडावं असं मीही म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीनं ती एकच खात्रीची विहीर आहे. पण शहराच्या पाण्यात गॅरेज येतं, बॅटरीचं दुकान येतं, मुलामा देणारा छोटा कारखाना येतो, आणि घराघरांतला रंगही येतो. शेतकऱ्याच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका असते. २०१५ पासून देशभर ती देतात, तिच्यात बारा गोष्टी मोजतात. त्यात जस्त आणि तांबं आहे, पण ते पिकाला पुरतं का एवढंच बघायला. शिसं आणि कॅडमियम त्या बारांत नाहीत. पत्रिका चुकीची आहे असं मी म्हणत नाही, ती दुसऱ्या प्रश्नासाठी केलेली आहे. नाल्याकाठच्या शेतांसाठी आणखी दोन रकाने वाढवावेत असं मात्र मला वाटतं. सामू आणि सेंद्रिय कर्ब पत्रिकेत आधीच आहेत, तांबं आणि जस्तही पिकाला मिळण्याजोगं तेवढंच मोजतात, एकूण नाही. म्हणजे गांडुळासाठी भाकीत करायला लागणारी अर्धी माहिती आमच्या कपाटात पडून आहे.

शहरी कचऱ्याच्या खताचं थोडक्यात सांगतो. खत नियंत्रण आदेशात त्याला मर्यादा आहेत. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, तांबं ३००, जस्त १०००. तांबं तीनशे म्हटल्यावर मघाचा पन्नासचा आकडा आठवून दचकू नका. एका एकराची वरची सहा इंच माती साधारण नऊ लाख किलो भरते. चार टन खत घातलं, त्यात अगदी मर्यादेइतकं तांबं असलं, तरी वाढ किलोमागे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. पन्नासच्या जवळ जायला पस्तीस-चाळीस वर्षं लागतील. पण आपण गच्चीवर काय करतो? अर्धी माती, अर्धं खत. तिथं पहिल्याच दिवशी दीडशे. तेच खत शेतात निरुपद्रवी आणि कुंडीत नाही.

आता बाप्पाचा प्रश्न. शाडूची मूर्ती, हळद, गेरू, काव असे रंग, तर माती खुशाल तुळशीला घाला. गेरू म्हणजे लोखंडाचाच गंज, त्याचं गांडुळाला काही वाटत नाही. बाजारातले चकचकीत पिवळे, नारिंगी, लाल रंग मात्र कशाचे आहेत हे बाहेरून कळत नाही. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. रंगाच्या डब्यावर तसं लिहिलेलं असतं, मूर्तीवर लिहिलेलं नसतं. ऑर्डर देताना मूर्तिकाराला विचारावं. दोन-तीन वर्षं सगळ्यांनी विचारलं की तोही दुकानदाराला विचारतो.

रंगापेक्षा मला जास्त काळजी शेंदराची वाटते. हे ऐकून काही आजी नाराज होतील, त्यांची आधीच क्षमा मागतो. आपला परंपरेचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, वजनात नव्वद टक्के शिसं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. देवाला वाहायला माझा विरोध नाही. पण शेंदूर लागलेली फुलं, पानं, नारळाची शेंडी आपण निर्माल्याच्या खड्ड्यात टाकतो. दहा किलो खताच्या टाकीत एक ग्रॅम शेंदूर, म्हणजे मोठी चिमूट, गेला तर किलोमागे नव्वद मिलिग्रॅम शिसं झालं. शंभरची मर्यादा तिथंच आली. आणि गंमत अशी की गांडुळाला त्याचं फारसं काही होणार नाही. मघाच्याच प्रयोगात शिशानं कोष निम्मे व्हायला एकोणीसशेच्या वर मिलिग्रॅम लागलं होतं. गांडुळं छान वळवळत राहतील आणि आपण म्हणू, खत उत्तम! त्या कुंडीत हात घालून खेळणाऱ्या नातवाला मात्र शिसं फार कमी प्रमाणात बाधतं. म्हणून शेंदराचं निर्माल्य वेगळ्या पिशवीत ठेवा, खतात नको.

बाकी शंका घरी तपासायची एक पद्धत आहे, तीही अधिकृत चाचणीवरूनच घेतलेली. पसरट डबा घ्या, मधे पुठ्ठा उभा करा. एका बाजूला आपली भरवशाची माती, दुसऱ्या बाजूला तीच माती, पण शंका असलेलं खत किंवा मूर्तीची माती मिसळलेली. ओल दोन्हीकडं सारखी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. पुठ्ठा काढून मधल्या रेघेवर दहा मोठी गांडुळं ठेवा, अंगावर जाड पट्टा असलेली. भोकं पाडलेलं झाकण लावा. दोन दिवसांनी, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांनी, पुठ्ठा परत घालून मोजा. आठपेक्षा जास्त चांगल्या बाजूला पळाली असतील तर ती माती कुंडीत नको. एका डब्यावर विसंबू नका, चार-पाच करा, आणि एक डबा दोन्हीकडं सारखीच माती घालून ठेवा. त्यात गांडुळं निम्मी निम्मी राहायला हवीत. नाही राहिली तर डब्याला एका बाजूनं ऊन लागतंय किंवा ओल कमी-जास्त आहे. गांडुळं मिठालाही पळतात, त्यामुळं पळाली म्हणजे धातूच आहे असं नाही. आणि शिशाबद्दल या डब्याचं ऐकू नका, ते कारण आता सांगितलंच.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मंडळाच्या मागच्या पडवीत असे सहा डबे मांडू या. नवलगुंदाकडची एरी माती मी आणतो. कलघटगी किंवा अळणावरकडं ज्यांची शेती आहे त्यांनी मसारी आणावी, दोन बादल्या पुरेत. ज्यांच्या मूर्तीचं विसर्जन बादलीत होईल त्यांनी तळाचा गाळ वाळवून, मूर्ती कुठून घेतली ते चिठ्ठीवर लिहून द्यावा. एकच गाळ एरीत आणि मसारीत घालून गांडुळं दोन्हीकडं सारखीच वागतात का, ते मंगळवारी संध्याकाळी मोजू.